ताप जसाच्या तसा आणा

तापाच्या रोग्याने माझ्याकडे येताना ताप बरोबर घेऊन यावं, एवढीच माझी अपेक्षा होती. ती फार मोठी आहे असं मला कधी वाटलं नाही. पण सौंसरला दवाखाना उघडला आणि कळलं, की आमच्या भागातली माणसं डॉक्टरकडे येताना सगळं आणतात. भाकरीचं गाठोडं, वळकटी, मावशी, मामा, शेजारच्या घरचे दोघेतिघे. फक्त ताप तेवढा घरी ठेवून येतात. या अंकाच्या संपादकांनी व्यवसायातल्या समाधानाच्या क्षणांबद्दल लिहा म्हणून सुचवलं होतं. ते क्षण आले नाहीत असं नाही. पण आठवायला बसलं की आधी चिडचिडच वर येते, तेव्हा तीच लिहिते.

मी मूळची नागपूरची. मेडिसिनमध्ये एम.डी. केलं आणि लग्न होऊन सौंसरच्या एका संत्रेवाल्या घरात आले. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. बसस्टँडजवळ थोड्या खाटांचा दवाखाना टाकला आणि आठवड्यातून एकदा पांढुर्ण्याला जाऊन बसू लागले. सुरुवातीचा बराच काळ लोकांना हे पटवण्यात गेला, की डॉक्टर बाई असली म्हणून ती बाळंतपणं करतेच असं नाही. रामाकोना गावची एक सासू दिवस भरलेल्या सुनेला घेऊन आली. मी म्हटलं, "मावशी, मी तापाची आणि हृदयाची डॉक्टर आहे." ती म्हणाली, "असू द्या ना बाई. आता आलोच हाओ तं हेबी पाहून घ्या."

मला विशेष रस होता तो रक्तातल्या जंतूंमध्ये. हा विषय दिवाळीच्या फराळाबरोबर वाचण्याचा नाही, पण थोडक्यात सांगते. रक्तात जंतू शिरणं ही काही अपूर्व गोष्ट नाही. लघवीच्या मार्गातून शिरतात, गळवातून शिरतात, किडक्या दाताने काही कडक चावलं तरी शिरतात. बहुतेक वेळा शरीर त्यांचा बंदोबस्त करतं, किंवा आठ-दहा दिवसांच्या औषधाने ते जातात. प्रश्न एकच असतो. जाता जाता ते हृदयाच्या झडपेवर बसले का? बसले असतील तर ताप वर-खाली होत राहतो, माणूस वाळत जातो आणि आत झडप कुरतडली जाते. अशा रोग्याला महिना-दीड महिना शिरेतून औषध द्यावं लागतं. ते दिलं नाही तर माणूस जातो. आणि झडप चांगली असताना उगाच दिलं तर कामाधंद्याचा माणूस दीड महिना खाटेवर अडकून पडतो. म्हणून कोणाला धोका किती, याचा आधी अंदाज बांधायचा. माझं अर्धं आयुष्य हे अंदाज बांधण्यात गेलं.

आता झडप पडद्यावर हलताना दाखवणारं यंत्र तालुक्या-तालुक्याला आहे. तेव्हा ते नागपुरातही नवलाचं होतं. आमच्याकडे स्टेथोस्कोप, बोटं आणि प्रश्न. जंतू कोणता, हे आधी बघायचं. लघवीतले नेहमीचे जंतू झडपेच्या वाटेला सहसा जात नाहीत, गळवातले जातात, आणि तोंडात राहणारे काही जंतू तर झडपेवर बसायला टपलेलेच असतात. वेगवेगळ्या वेळी काढलेल्या रक्तात पुन्हापुन्हा तोच निघाला तर संशय वाढतो. नखाखाली रक्ताच्या बारीक रेघा दिसतात का, पापणीच्या आत लाल ठिपका आहे का, पोटात पानथरी, म्हणजे प्लीहा, हाताला लागते का, हे सगळं बघायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, झडप आधीपासून बिघडलेली आहे का? लहानपणी सांध्यांचा ताप येऊन गेला असेल तर ती बिघडलेली असू शकते, आणि बिघडलेल्या झडपेवर जंतू लवकर बसतो.

पण "लहानपणी सांधे सुजले होते का?" असं विचारलं की उत्तर हमखास "नाही" यायचं. शेवटी मी विचारणं सोडलं आणि पायजमा वर करायला सांगू लागले. आमच्याकडे सांधा सुजला की त्यावर बिब्बा घालतात. बिब्ब्याचं तेल कातडी जाळतं आणि डाग जन्मभर राहतो. गुडघ्याभोवती ते काळे ठिपके दिसले की मी स्टेथोस्कोप जरा जास्त वेळ छातीवर ठेवायची. हे मला कॉलेजात कोणी शिकवलं नव्हतं.

नातेवाइकांना समजावताना मी विहिरीवरच्या मोटारीचा फूटवॉल, म्हणजे पाइपाच्या तळाची झडप, सांगायची. संत्र्याच्या बागा असलेल्या मुलखात तो सगळ्यांना ठाऊक. फूटवॉलच्या वायसरवर कचरा बसला की पाणी परत विहिरीत उतरतं आणि मोटार नुसतीच घरघरते, तसंच हृदयाचं, असं म्हटलं की माना डोलायच्या. मग हमखास कोणीतरी म्हणायचं, "मंग वायसर बदलून टाका ना बाई." ते काम मुंबईला होतं आणि तिथेही वाट पाहावी लागते, हे सांगितलं की त्यांचा माझ्यावरचा विश्वास जरा कमी व्हायचा.

या सगळ्या अंदाजाचा पाया म्हणजे रक्ताची बाटली. रोग्याचं रक्त काढून जंतू वाढवायच्या द्रवाच्या बाटलीत घालायचं आणि छोट्या लाइनच्या, म्हणजे नॅरोगेजच्या, गाडीने नागपूरच्या लॅबला पाठवायचं. ही बाटली गार होऊन चालत नाही. म्हणून मी ती घरच्या कापसात गुंडाळून संत्र्याच्या पेटीत ठेवायची. रक्त म्हटलं की बर्फ, अशी लोकांची पक्की समजूत. एका भल्या माणसाने माझी पेटी स्वखुशीने बर्फाच्या लादीवर ठेवून नेली आणि परत येऊन मला अभिमानाने सांगितलं. त्याला काय बोलणार.

पण बर्फ परवडला. खरी माझी वाट लावली ती सुईने. बाटलीत रक्त घेण्याआधी पेनिसिलिनची एक सुई जरी टोचली, तरी रक्तात फिरणारे जंतू मरतात आणि बाटलीत काही उगवत नाही. झडपेवर ठाण मांडून बसलेले मात्र तसेच राहतात. ताप चार दिवस उतरतो, लोक खूश होतात आणि मग तो परत चढतो. गावोगावी सायकलला पिशवी लावून फिरणारे सुईबहाद्दर होते, त्यांच्याकडे हीच एक विद्या. आणि आमच्या लोकांची रीत अशी, की मोठ्या डॉक्टरकडे न्यायचं तर माणूस नीटनेटका करून न्यायचा. आंघोळ घालायची, केसांना तेल लावायचं, आणि तापाने फणफणलेला बरा दिसत नाही म्हणून आदल्या दिवशी सुईही टोचून घ्यायची. माझा मान राखण्यासाठी हे सगळं चालायचं. त्या मानापायी मी किती डोकं आपटलं असेल, ते माझ्या टेबलालाच माहीत.

सुखदेव असाच आला.

संत्र्याचा आंबिया बहार तोडणीला आला होता. नामदेवभाऊ आपल्या धाकट्या भावाला घेऊन आले. नामदेवभाऊ तहसील कचेरीत चपराशी होते, साहेबांसमोर माणूस कसा उभा करायचा याचे त्यांचे नियम ठरलेले; स्वतः टोपीशिवाय कोणासमोर उभे राहायचे नाहीत. सुखदेव बोरगावचा, हंगामात पांढुर्ण्याच्या संत्रा मंडीत पेट्या ठोकायला जायचा. अंगात जयंतीला घालायचा पांढरा सदरा, भांग पाडलेला, गाल आत गेलेले. हातात थर्मामीटर घेऊन मी बघते तो काय, ताप नाही.

"किती दिवसांपासून ताप आहे?"

"गंज दिवस झाले बाई," नामदेवभाऊ म्हणाले. "येते, जाते. पण आज नाही हाय. काल सुई लावून घेतली."

"का लावली?"

"असं तापात कसा आणू जी तुमच्यापाशी? बरं दिसते का?"

मी सुखदेवला पायजमा वर करायला सांगितलं. दोन्ही गुडघ्यांवर बिब्ब्याचे डाग. छातीवर स्टेथोस्कोप ठेवला तर झडप गळत असल्याचा फुसकारा स्वच्छ ऐकू आला. उजव्या हाताच्या दोन नखांखाली बारीक रेघा होत्या. वय तिशीच्या आतलं, घरी बायको आणि म्हातारी आई, आणि झडपेवर जंतू बसला असल्याची सगळी लक्षणं. पण जंतू कोणता हे कळल्याशिवाय औषध कोणतं आणि किती, हे ठरत नव्हतं. रक्त पाठवलं. लॅबकडून निरोप आला, काही उगवलं नाही. उगवणार कसं?

म्हणून मी त्याला भरती करून घेतलं आणि ठरवलं, की सुईचा असर जाईपर्यंत औषध द्यायचं नाही, ताप चढू द्यायचा आणि मग रक्त घ्यायचं. हे करायला छाती लागते, कारण झडप तोवर थांबत नाही. एकेक दिवस मी त्याचं हृदय ऐकत होते आणि आज फुसकारा वाढला का, पायावर सूज आली का, हे बघत होते. आणि नामदेवभाऊ माझ्याकडे बघत होते. दवाखान्यात ठेवायचं आणि औषध द्यायचं नाही, हे त्यांच्या हिशेबात बसेना.

"बाई, हे काय करून राहिल्या तुमी?" त्यांनी एकदा विचारलं. "कचेरीतले लोक मले पुसतात, भावाले कोणती दवाई चालू हाय. मी काय सांगू?"

"सांगा, ताप यायची वाट बघतोय."

"असं सांगतलं तं मलेच येड्यात काढतीन."

मी त्यांना फूटवॉल पुन्हा समजावला. त्यांनी मान डोलावली. मान डोलावणाऱ्या माणसाला समजलं आहे असं धरू नये, एवढं शहाणपण मला तोवर यायला हवं होतं.

ताप चढला. सुखदेव थंडीने कुडकुडायला लागला, मला आनंद झाला आणि मी बाटल्या काढायला आत गेले. बाहेर येते तर त्याच्या खाटेशी पिशवीवाला एक पाहुणा बसलेला, समोर डझनभर केळी, आणि सुखदेव दंड चोळतोय. मी विचारलं, हे कोण? नामदेवभाऊ म्हणाले, "आमचे सोयरे हायेत." सोयऱ्यांच्या पिशवीतून स्पिरिटचा वास येत होता.

त्या दिवशी मी जे बोलले ते या अंकात छापण्यासारखं नाही. सोयरे केळी तिथेच टाकून सायकलवर बसले. नामदेवभाऊ भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. माझं बोलून संपल्यावर ते हळूच म्हणाले, "माह्यानं पाहावलं नाही बाई. लहानपणी यालेच मी पाठीवर घेऊन फिरलो." ते ऐकून मी आणखीच चिडले. पुन्हा पहिल्यापासून वाट बघणं आलं.

पुन्हा ताप चढला तेव्हा मी खाटेजवळचं स्टूल ओढून स्वतः पहाऱ्याला बसले. ते स्टूल डगमगतं होतं, आणि रक्त काढताना एकदा तर मी कलंडलेच. पण अंतराअंतराने बाटल्या भरल्या, कापसात गुंडाळल्या आणि नागपूरला गेल्या. सगळ्या बाटल्यांत एकच जंतू उगवला. तोंडात राहणारा, झडपेवर टपलेला, अगदी तोच. पेनिसिलिनला वश होणारा होता, एवढीच काय ती देवाची कृपा. मधल्या त्या वाया गेलेल्या दिवसांत झडपेचा फुसकारा वाढला होता. ती गळती नंतर कधीच भरून आली नाही, आणि आजही त्या दिवसांचा विचार आला की मला राग येतो. कोणाचा, ते मात्र ठरवता येत नाही.

औषध सुरू झालं आणि थोड्याच दिवसांत ताप गेला. झालं, दुसरी कटकट सुरू. सुखदेवला भूक लागू लागली, नामदेवभाऊंना भाऊ बरा दिसू लागला, आणि पांढुर्ण्याच्या मंडीतून निरोपावर निरोप येऊ लागले. सुखदेवसारखा पेटी ठोकणारा त्या मंडीत दुसरा नव्हता म्हणे. रोज सकाळी मी गेले की ठरलेला संवाद.

"बाई, मी आता बरा हाओ."

"ताप गेलाय. जंतू गेलेला नाही."

"मंग बाकीच्या सुया मंडीतच लावून घेतो ना. तिथं बी एक जण लावते."

मी दात-ओठ खाऊन पुढच्या खाटेकडे जायची.

माझ्या डोक्यात वेगळाच भुंगा होता. तोंडातला जंतू रक्तात शिरला कुठून? बरा करून घरी पाठवला आणि तो पुन्हा त्याच वाटेने शिरला तर? एकदा जंतू बसून गेलेल्या झडपेला धोका आधीपेक्षा जास्त असतो. मी त्याचं तोंड तपासलं. एक दाढ किडलेली होती, आणि हिरड्यांवर जागोजाग बारीक जखमा होत्या, काही भरत आलेल्या. दात पाडला होता का? नाही. कडुनिंबाची काडी घासतो? नाही, मंजन. तंबाखू, सुपारी, खर्रा? सुखदेव ताठ बसला. "नाही जी. कोणतंच व्यसन नाही. तोंडात काही टाकत नाही मी." नामदेवभाऊंनी साक्ष दिली. त्यांच्या घरात कोणी टाकत नाही म्हणून सांगितलं. मग या जखमा कसल्या? दोघांनाही ठाऊक नव्हतं. खोटं ते बोलत नव्हते, हे मला दिसत होतं.

एका दुपारी जेवून परत आले तर वॉर्डातून ठकठक ऐकू येत होती. बघते तर सुखदेव जमिनीवर बसलाय. डाव्या हाताला शिरेतली सुई पट्टीने बांधलेली, माझं ते डगमगतं स्टूल उलटं करून मांडीत धरलेलं, उजव्या हातात कुठून तरी पैदा केलेली हातोडी. आणि तोंडात ओठांच्या कडेने खिळ्यांची रांग. जिभेने तो एकेक खिळा पुढे सरकवत होता, टोक बरोबर फिरवून ओठांवर आणत होता, बोटांनी उचलत होता आणि एका ठोक्यात लाकडात बसवत होता. नजर स्टुलावर. आजूबाजूचे रोगी कौतुकाने बघत होते. सिस्टरसुद्धा.

"हे काय आहे?" मी ओरडले.

तोंडात खिळे असल्यामुळे त्याला बोलता येईना. त्याने स्टुलाकडे बोट दाखवलं, मग माझ्याकडे.

"काढ तोंडातून."

त्याने खिळे तळहातावर काढले. जुन्या खोक्यातून उपटलेले, गंजलेले, थुंकीने ओले. एकावर रक्ताची पुसट रेघ होती.

"बाई, तुमी रोज यावर बसता," तो म्हणाला. "पडान एखाद्या दिवशी. म्हणून नीट करून राहिलो होतो."

मी त्याच स्टुलावर बसले. ते अजिबात डगमगलं नाही.

पेटी ठोकणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात. एका हातात हातोडी, दुसऱ्याने सालईच्या लाकडाची पातळ फळी धरायची, ती सटकू द्यायची नाही. खिळे घ्यायला दर वेळी वाकलं तर दिवसाच्या पेट्या निम्म्या होतात. म्हणून खिळे तोंडात. सगळे असेच ठोकतात, पोरपणापासून. ते काम आहे. व्यसनांबद्दल विचारलेल्या प्रश्नात ते कुठून येणार? आमच्या घरच्या संत्र्यांच्या पेट्याही अशाच माणसांनी ठोकलेल्या होत्या, आणि त्यातल्याच एका पेटीत कापूस भरून मी त्याच्या रक्ताच्या बाटल्या नागपूरला पाठवल्या होत्या. मला हसावं की कपाळावर हात मारावा, कळेना.

त्याचं औषध पुरं केलं. किडकी दाढ नागपूरला औषधाच्या संरक्षणाखाली काढवली. घरी जाताना नामदेवभाऊंसमोर बजावलं, पुन्हा तोंडात खिळा दिसला तर मी पांढुर्ण्याला येऊन मंडीत तमाशा करीन.

तमाशा मी खिळा दिसायची वाट न बघताच केला. पुढच्या पांढुर्ण्याच्या वारी दवाखाना आटोपला आणि मंडीत गेले. संत्र्यांचे ढीग, पेट्यांत भरायच्या तणसाचा वास, आणि एका रांगेत बसलेली माणसं, प्रत्येकाच्या तोंडात खिळे. मी सगळ्यांना पायजमे वर करायला सांगितलं. हातोड्या थांबल्या. डॉक्टरीणबाई गुडघे कशाला बघते, हे कोणालाच कळेना. मुकादम पुढे आला. मी त्याला बिब्बा सांगितला, झडप सांगितली, खिळे सांगितले, फूटवॉलही सांगितला. तो म्हणाला, "बाई, आमच्या बापानं बी असेच ठोकले. त्याले काही नाही झालं."

"तुमच्या बापाच्या गुडघ्यावर बिब्बा होता का?"

तो विचारात पडला. तेवढ्यात मी रांगेतून फिरले. डाग असलेले मोजके निघाले, त्यांना बाजूला घेऊन छाती ऐकली. दोघांच्या झडपा बिघडलेल्या होत्या. बाकीच्यांनी खिळे तोंडात धरले तरी त्यांच्या हृदयाला फारशी भीती नव्हती. हिरड्यांचं त्यांचं त्यांनी बघावं. पण या दोघांनी मात्र खिळा ओठाला लावायचा नाही, आणि दाढ काढायची तर आधी मला भेटायचं, हे मी मुकादमाच्या देखत त्यांच्याकडून वदवून घेतलं. रक्तात शिरलेल्या जंतूपासून कोणाच्या झडपेला धोका जास्त, याचं शास्त्र मोठ्या पुस्तकांत आहे. गुडघ्यावर बिब्बा आणि तोंडात खिळे, हे कुठल्याच पुस्तकात नाही. ते मला त्या मंडीत उभं राहून शिकावं लागलं.

सुखदेवने सायकलच्या जुन्या ट्यूबची पिशवी शिवून मनगटाला बांधली आणि त्यात खिळे ठेवू लागला. वेग गेला. त्याला चिडवायचे, "बाईचं मंगळसूत्र घालून आला," असं म्हणायचे. चढावर त्याला दम लागायचा, ओझी उचलणं त्याने सोडलं. पण तो जगत होता, आणि ठरल्या वेळी न चुकता हृदय ऐकवायला यायचा.

अशी काही वर्षं गेली. पाऊस सरता सरता एका दुपारी दवाखान्यासमोर बैलगाडी थांबली. गाडीतून नामदेवभाऊ उतरले आणि मागून घोंगडीत गुंडाळलेल्या सुखदेवला खाली घेतलं. केस पिंजारलेले, दाढी वाढलेली, अंगावरचा शर्ट मळलेला, चिखलाने भरलेले पाय. तो थडथडत होता. नामदेवभाऊंनी नेहमीची टोपी घातलेली नव्हती. ते माझ्यासमोर उभे राहिले आणि खाली बघत म्हणाले,

"माफ करा बाई. असाच आणला."

मी सुखदेवच्या कपाळावर हात ठेवला. हात भाजला.

"सुई?"

"नाही लावली."

"गोळी?"

"नाही. सोयरे आले होते पिशवी घेऊन. मीच वापस पाठवले. आई भांडली माह्याशी, म्हणे पोरगं मरून राहिलं अन् तू हात बांधून बसला. पण तुमी सांगतलं होतं ना, ताप तसाच पायजे."

"आंघोळ?"

"ते बी नाही घातली."

चिडायला काहीच उरलं नव्हतं आणि त्याची मला सवय नव्हती. साहेबांसमोर बिनटोपीचं उभं न राहणारा हा माणूस, तापलेला भाऊ गाडीत घेऊन सगळी वाट त्याच्याकडे बघत आला होता आणि त्याने काहीही केलं नव्हतं. तेवढं जड काम मला स्वतःला जमलं असतं की नाही, शंका आहे.

बाटल्या भरल्या. नखं बघितली, पापण्या बघितल्या, तोंड उघडायला लावलं. हिरड्या स्वच्छ होत्या. फुसकारा होता तसाच होता, वाढलेला नव्हता. पण जुनी झडप आणि ताप म्हटल्यावर तेवढ्यावर विसंबून चालणार नव्हतं. काचेवर रक्ताचा थेंब पसरून मी सूक्ष्मदर्शकाशी बसले, आणि थोड्याच वेळात मला दिसला तो मलेरियाचा जंतू. साधा, आमच्या नदीकाठचा, गोळ्यांनी बरा होणारा मलेरिया. मलेरिया बघून एवढा आनंद झालेला डॉक्टर दुसरा नसेल. नागपूरला पाठवलेल्या बाटल्याही पुढे स्वच्छ निघाल्या. झडपेवर काही बसलं नव्हतं.

बाहेर येऊन मी सांगितलं. सुखदेवला गोळ्या दिल्या. नामदेवभाऊ बाकावर बसले, डोळे पुसले. मग म्हणाले,

"मंग आता तरी एक सुई लावता का बाई त्याले?"

"गरज नाही. गोळ्यांनी बरा होईल."

"ते झालं. पण एवढ्या दुरून आणला, अन् सुई नाही लावली म्हणून घरी काय सांगू? आई मले घरात घेणार नाही."

"त्याच्या झडपेचं बघता त्याला उगाच कुठेही टोचायचं नाही. किती वेळा सांगू?"

नामदेवभाऊंनी विचार केला. मग उभे राहिले आणि शर्टाची बाही वर केली.

"मंग मले लावा."

मी वाद घालायला तोंड उघडलं, मिटलं, आणि सिस्टरला सिरिंज उकळायला सांगितलं. बी-कॉम्प्लेक्सची सुई मी त्यांना स्वतःच्या हाताने टोचली. दंड चोळत ते बैलगाडीत भावाशेजारी बसले, घोंगडी त्याच्या अंगावर नीट केली आणि गाडी निघाली तसे मला म्हणाले, "आता कसं बरं वाटून राहिलं."